अरोरा कोणी पाहिला, कुठून आणि किती वाजता?

पुण्याजवळच्या आकुर्डीतल्या गच्चीवरून अरोरा दिसत नाही. ध्रुवाकडच्या देशांत रात्रीच्या आकाशात हिरव्या-लाल पडद्यांसारखा हलणारा हा ध्रुवीय प्रकाश इथून हजारो किलोमीटर दूर असतो. शिवाय जुना मुंबई-पुणे रस्ता, कारखाने आणि प्राधिकरणातल्या इमारती यांच्या उजेडात आकाशातले साधे तारेही धड मोजता येत नाहीत. तरीही या प्रकाशाच्या संशोधनात कुलाबा, अलिबाग आणि पुणे ही नावे वारंवार भेटतात. सामान्य माणसाने आकाशाकडे पाहून केलेल्या दोन ओळींच्या नोंदीला केवढे मोल येऊ शकते, याचे एक उत्तम उदाहरण तर मुंबईचेच आहे.

4 फेब्रुवारी 1872, रविवार. त्या दिवशी सूर्य मावळल्यानंतर मुंबईतून अरोरा दिसला, अशी छोटीशी बातमी त्यानंतरच्या आठवड्यात टाइम्स ऑफ इंडियाने छापली. मुंबईहून एडनकडे जाणारी समुद्राखालची तार टाकून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. त्या तारेवरचे संदेशही रविवारी काही तास विस्कळीत झाले होते. पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्तापासून मुंबई साधारण दहा अंशांवर आहे. इतक्या दक्षिणेला अरोरा दिसला हे वाचून कोणालाही शंका येईल: संध्याकाळची लाली असेल, कुठे आग लागली असेल, पाहणाऱ्याचा काही गैरसमज झाला असेल.

बातमी वर्तमानपत्राच्या जुन्या अंकांत पडून राहिली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या गणितज्ञ चंचल उबेरॉय यांनी 2011 मध्ये अवकाश हवामानाला वाहिलेल्या एका शोधपत्रिकेत या घटनेवर लिहिले आणि भारतातल्या या विस्मृतीत गेलेल्या वादळाकडे लक्ष वेधले. पुढे जपानच्या नागोया विद्यापीठातले हिसाशी हायाकावा आणि त्यांचे अनेक देशांतले सहकारी या एका रात्रीच्या मागे लागले. ग्रंथालये, दफ्तरे, वेधशाळांच्या वह्या, देवळांतल्या रोजनिश्या त्यांनी धुंडाळल्या. जपानमधल्या ओकाझाकी इथल्या शोउनजी मंदिरात त्या रात्रीच्या लाल आकाशाचे चित्र जपून ठेवलेले आहे. चीनमधल्या स्थानिक बखरींत नोंदी आहेत, सुदानमधल्या खार्टूमची नोंद आहे. अशा सातशेहून अधिक नोंदी जमल्या आणि 2023 मध्ये त्यांवरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मुंबईची बातमी त्या सातशेंमध्ये बसली आणि एकटी असताना तिच्यावर येणारा संशय बराच निवळला.

संशय निवळायला भूमितीचीही मदत होते. अरोराचा हिरवा रंग साधारण शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर उमटतो. लाल रंग त्याच्या बराच वर, 200 ते 400 किलोमीटरवर आणि मोठ्या वादळात त्याहूनही वर असतो. 400 किलोमीटर उंचीवरचा उजेड सुमारे 2,200 किलोमीटर दूर उभ्या असलेल्या माणसाला क्षितिजाला टेकलेला दिसू शकतो. मुंबईच्या उत्तरेला तेवढे अंतर मोजले की ताजिकिस्तान येतो. म्हणजे त्या रविवारी अरोरा मुंबईच्या डोक्यावर आलाच पाहिजे असे नाही; तो मध्य आशियाच्या आकाशात पुरेसा उंच चढला, तर त्याचा लाल माथा मुंबईच्या उत्तर क्षितिजावर दिसू शकतो.

इथेच पाहणाऱ्याच्या नोंदीचे शास्त्रीय मोल कळते. सूर्यावरून मोठा उद्रेक झाला की विद्युतभारित कणांचा ढग स्वतःचे चुंबकीय क्षेत्र घेऊन निघतो आणि सहसा एक ते तीन दिवसांत पृथ्वीपाशी पोचतो. त्याच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट असेल, तर पृथ्वीचे चुंबकीय कवच उघडे पडते आणि ऊर्जा आत शिरते. मग दोन गोष्टी घडतात. पृथ्वीभोवती विषुववृत्ताच्या वर प्रचंड विद्युतप्रवाहाचे कडे तयार होते आणि जमिनीवरचे चुंबकीय क्षेत्र काहीसे क्षीण होते. त्याच वेळी ध्रुवाभोवती अरोराचे जे वलय असते, ते फुगून विषुववृत्ताकडे सरकते. वादळ जितके मोठे, तितके वलय खाली उतरते. त्यामुळे अरोरा सर्वांत दक्षिणेला कुठे दिसला आणि आकाशात किती उंचीवर दिसला एवढे कळले, तरी उपग्रह नसलेल्या काळातल्या वादळाची ताकद अजमावता येते. माणसाचा डोळा इथे उपकरणाचे काम करतो. फक्त त्याने वेळ, ठिकाण आणि दिशा सांगितली पाहिजे.

दुसरे उपकरण कुलाब्यात होते.

ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये कुलाब्याला वेधशाळा उभारली, ती मुख्यतः जहाजांना अचूक वेळ देता यावी म्हणून. 1841 मध्ये तिथे चुंबकीय मोजमापे सुरू झाली. दोऱ्याला टांगलेला चुंबक, त्याला चिकटवलेला छोटा आरसा, समोर मोजपट्टी आणि दूर ठेवलेली दुर्बीण, अशी ही मांडणी असे. चुंबक केसभर जरी हलला तरी आरशातली मोजपट्टी सरकायची आणि दुर्बिणीला डोळा लावून बसलेला निरीक्षक आकडा वाचून वहीत लिहायचा. एरवी तासाला एक नोंद होई. सुया अस्वस्थ झाल्या की पाच-पाच, दहा-दहा मिनिटांनी वाचन सुरू होई. 2 सप्टेंबर 1859 रोजी असेच झाले. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन या हौशी खगोलअभ्यासकाने सूर्यावरच्या डागांजवळ पांढरा लखलखाट पाहिला होता. साडेसतरा तासांनंतर कुलाब्यातला चुंबक ढळू लागला आणि दीडेक तासात क्षेत्राचा आडवा घटक सुमारे 1,600 नॅनोटेस्लाने घसरला. नेहमीच्या मानाने ही चार टक्क्यांची घट. ऐकायला चार टक्के किरकोळ वाटतात, पण नोंदवलेल्या इतिहासात या अक्षांशांवर एवढी घट दुसऱ्यांदा दिसलेली नाही. उत्तरेकडच्या अनेक वेधशाळांत सुया मोजपट्टीच्याच बाहेर गेल्या. कुलाब्यातल्या निरीक्षकांनी मात्र वाचन सोडले नाही. त्यातल्या बहुतेकांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत.

त्या वह्यांतले आकडे 2003 मध्ये पुन्हा जगापुढे आले. अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी, ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ आणि नवी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले गुरबक्ष लाखिना व शोभना अलेक्स यांनी ते वापरून 1859 च्या या वादळाची, म्हणजेच ‘कॅरिंग्टन वादळा’ची, तीव्रता मांडली. मग वाद सुरू झाला. एवढी घट फक्त कड्यातल्या प्रवाहामुळे झाली, की अरोराचे प्रवाहच इतके खाली उतरले होते? या प्रश्नाकडे जाताना शास्त्रज्ञांना पुन्हा साध्या माणसांच्या नोंदींकडेच वळावे लागले. क्यूबा आणि हवाईपर्यंत अरोरा पाहणाऱ्या खलाशांनी, धर्मोपदेशकांनी आणि बातमीदारांनी त्या रात्री काय लिहून ठेवले होते, ते गोळा करावे लागले. सुई आणि डोळा एकत्र आल्याशिवाय चित्र पुरे होत नाही.

पुढची गोष्ट अलिबागची. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार हे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहाने कुलाब्यातली मोजमापे बिघडणार, हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय विभाग 1904 मध्ये समुद्रापलीकडे अलिबागला हलवला. इमारतीत लोखंड येऊ नये याची काळजी घेतली आणि दोन्ही ठिकाणची मोजमापे 1906 पर्यंत समांतर चालू ठेवली. हे समांतर काम फार महत्त्वाचे. त्यामुळे जुनी आणि नवी मालिका एकमेकींना जोडता आली आणि 1840 च्या दशकापासून आजपर्यंतचा अखंड दस्तऐवज महाराष्ट्राच्या हाती राहिला. 1872 च्या वादळाची तीव्रता ठरवतानाही कुलाब्याच्या नोंदी कामी आल्या. ते वादळ कॅरिंग्टनच्या तोडीचे होते, असे आता मानले जाते. 1989 मध्ये कॅनडातल्या क्यूबेक प्रांताची वीज नऊ तास घालवून साठ लाख लोकांना अंधारात ठेवणारे वादळ त्यापुढे बरेच लहान ठरते.

पण आज डोक्यावर इतके उपग्रह फिरत असताना माणसाने आकाशाकडे पाहून काय उपयोग? हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे सर्वांत ठोस उत्तर कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात मिळाले. तिथल्या अरोरा टिपणाऱ्या हौशी छायाचित्रकारांना जांभळट रंगाचा, पूर्व-पश्चिम पसरलेला एक अरुंद पट्टा वरचेवर दिसत असे. व्याख्यानाच्या निमित्ताने भेटलेल्या शास्त्रज्ञांना त्यांनी फोटो दाखवले, तेव्हा हा ओळखीचा कोणताच प्रकार नाही हे लक्षात आले. गटातल्या एकाने गमतीने त्याला ‘स्टीव्ह’ म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव टिकले. फोटोंवर वेळ आणि ठिकाण नोंदलेले असल्याने कॅलगरी विद्यापीठाच्या एरिक डोनोव्हन यांना युरोपच्या ‘स्वार्म’ उपग्रहांचे मार्ग ताडून पाहता आले. एक उपग्रह नेमका त्या पट्ट्यातून गेला होता. 300 किलोमीटर उंचीवर तापमान 3,000 अंशांनी उसळलेले होते आणि 25 किलोमीटर रुंदीचा वायूचा प्रवाह सेकंदाला 6 किलोमीटर वेगाने पश्चिमेकडे धावत होता. नासाच्या लिझ मॅकडोनाल्ड यांच्या नेतृत्वाखाली 2018 मध्ये त्यावर शोधनिबंध आला आणि त्याच्या लेखकांत हौशी मंडळीही होती. उपग्रहाची आकडेवारी आधीपासून होती; तिच्यात कुठे पाहायचे हे फोटो काढणाऱ्यांनी दाखवले.

त्याच वर्षी 7 ऑक्टोबरच्या रात्री फिनलंडमधल्या हौशी निरीक्षकांनी वाळूच्या लाटांसारखा दिसणारा हिरवा अरोरा टिपला. दोघांनी एकाच क्षणी दोन वेगळ्या गावांतून फोटो काढले होते. दोन्ही फोटोंत मागचे तारे ओळखून हेलसिंकी विद्यापीठाच्या गटाने कोन मोजले आणि लाटा सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर असल्याचे काढले. इतक्या उंचीवरचा थर फुग्यांना फार वर आणि उपग्रहांना फार खाली पडतो, त्यामुळे त्याची माहिती मिळवणे कठीण असते. दोन कॅमेऱ्यांनी ती मिळवली.

मॅकडोनाल्ड यांनीच सुरू केलेल्या ‘अरोरासॉरस’ या प्रकल्पात जगभरातले लोक आपली निरीक्षणे नोंदवतात. त्यातली एक बाब खास आहे: ‘पाहिले, पण दिसला नाही’ अशी नोंदही तिथे घेतली जाते. वलयाची दक्षिणेकडची हद्द ठरवायची तर दिसल्याच्या नोंदीइतकीच न दिसल्याची नोंद लागते. निगडी-प्राधिकरणातल्या पक्षिनिरीक्षकांना हे नवे वाटणार नाही. तासभर बसून एकही पक्षी दिसला नाही तरी त्यांना तेही लिहावे लागते.

भारतात या नकाशावरचे महत्त्वाचे ठिकाण म्हणजे लडाखमधले हानले. साडेचार हजार मीटर उंचीवरच्या या गावाजवळ भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे आणि डिसेंबर 2022 मध्ये तो परिसर अंधाऱ्या आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. एप्रिल 2023 मध्ये तिथल्या संपूर्ण आकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्यात लाल उजेड आला. मग 10 मे 2024 ची रात्र आली. ऑक्टोबर 2003 नंतर पहिल्यांदाच वादळाने सर्वोच्च श्रेणी गाठली आणि हानलेच्या उत्तर क्षितिजावर तांबूस झाक पसरली. डोळ्यांना ती जेमतेम जाणवते; मोबाईलच्या रात्रीच्या मोडमध्ये मात्र स्पष्ट उमटते. संस्थेने त्या रात्रीच्या उजेडाला ‘स्थिर लाल कमान’ म्हटले. ही कमान अरोरापेक्षा वेगळ्या रीतीने तयार होते: पृथ्वीभोवतीच्या कड्यातली उष्णता खाली झिरपते आणि ऑक्सिजनचे अणू लाल उजळतात. नुसत्या फोटोवरून दोन्हींतला फरक सांगणे अवघड जाते. पण वेगवेगळ्या गावांतून एकाच वेळी घेतलेले फोटो असले, की कमान किती उंच आणि किती उत्तरेला होती हे काढता येते. त्या रात्री जपानमध्ये शेकडो सामान्य लोकांनी आपली निरीक्षणे संशोधकांना पाठवली आणि त्यांतूनच तिथल्या अरोराचा विलक्षण गुलाबी-जांभळा रंग अभ्यासाचा विषय झाला.

आकुर्डीचा इथे थेट संबंध येतो. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यातून दर उन्हाळ्यात मोटारसायकली घेऊन लडाखला जाणारे गट काही कमी नाहीत. उमलिंग ला खिंडीकडे जायचे म्हणजे हानलेचा मुक्काम ओघानेच आला. दिवसभराच्या प्रवासानंतर रात्री आकाशाचा फोटो काढलाच जातो. तो फोटो उपयोगी ठरावा म्हणून फार काही लागत नाही. फोनचे घड्याळ आपोआप वेळ घेणारे असावे. कॅमेऱ्यात ठिकाणाची नोंद चालू असावी. दिशा होकायंत्रावर पाहून लिहावी, निदान ध्रुवतारा किंवा सप्तर्षी चौकटीत यावेत, कारण मागच्या ताऱ्यांवरूनच नंतर कोन मोजता येतो. किती सेकंदांचा एक्स्पोजर दिला ते लिहावे. डोळ्यांना काय दिसले आणि फक्त फोनला काय दिसले, हे वेगळे नोंदवावे. आणि सर्वांत मोठी चूक टाळावी: फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर नेहमीच्या पद्धतीने टाकला की त्याच्या पोटातली वेळ-ठिकाणाची माहिती निघून जाते आणि चित्रही दाबले जाते. मूळ फाइल जपावी, पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. रंग खुलवलेली प्रत कितीही देखणी असली तरी संशोधकाला तिचा उपयोग नाही.

ज्यांना लडाख गाठता येत नाही, त्यांच्या खिशातला फोनही या कामात ओढला गेला आहे. जीपीएसचे संकेत 20,000 किलोमीटर उंचीवरून येतात आणि वाटेत आयनांबर या विद्युतभारित थरातून जाताना थोडे रेंगाळतात. दोन वेगळ्या वारंवारितांवरचे संकेत घेणारा फोन असेल तर ही दिरंगाई मोजता येते. गूगलच्या संशोधकांनी जगभरातल्या सुमारे 4 कोटी अँड्रॉइड फोनांची अशी मोजमापे, कोणाचीही ओळख न ठेवता, एकत्र केली आणि आयनांबराचा नकाशा काढला. नोव्हेंबर 2024 मध्ये तो ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. एकेका फोनचे मोजमाप ओबडधोबड असते, पण लाखोंची सरासरी उत्तम निघते. मे 2024 च्या वादळाचा परिणाम त्यात दिसला आणि भारतावर सूर्यास्तानंतर उठणारे आयनांबरातले बुडबुडेही, म्हणजे विद्युतभार विरळ झालेले भागही, दिसले. फोनच्या मालकाला काहीच कळले नाही, काहीच करावे लागले नाही. मग याला लोकसहभाग म्हणावे का, हा प्रश्न रास्त आहे. थंडीत दोन तास उभे राहून ‘दिसला नाही’ असे लिहिणाऱ्या माणसाचा सहभाग वेगळ्या जातीचा आहे, आणि विज्ञानाला तोच अधिक हवा.

या बुडबुड्यांची झळ महाराष्ट्राला बसते, ध्रुवाकडच्या देशांपेक्षा अधिक. सूर्याची सक्रियता जोरात असलेल्या वर्षांत, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, रात्री आठ ते बाराच्या दरम्यान उपग्रहांचे संकेत लुकलुकतात. रोव्हर हे उपग्रहांच्या संकेतांवर चालणारे यंत्र घेऊन सर्वेक्षण करणाऱ्याला ‘फिक्स’, म्हणजे पक्के स्थान, मिळत नाही, यंत्र ‘फ्लोट’वर अडकते आणि सेंटिमीटरची अचूकता हातची जाते. भूमी अभिलेख खात्याची मोजणी आता रोव्हरने होते, रस्त्यांच्या आणि मेट्रोच्या कामांवर तोच वापरतात. दिवसाचे काम सहसा निभावते, रात्रपाळीचे अडते. चाकणवरून नाशिक रस्त्याने पुढे गेले की नारायणगावजवळ खोडदला महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या 30 थाळ्या उभ्या आहेत. आयनांबर खवळले की कमी वारंवारितेवरच्या तिथल्या निरीक्षणांनाही त्रास होतो.

दुसऱ्या बाजूला, पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल1 या भारतीय यानासाठी ‘सूट’ ही अतिनील दुर्बीण तयार केली. हे यान 2 सप्टेंबर 2023 रोजी, म्हणजे कुलाब्याच्या त्या वाचनाला 164 वर्षे झाली त्याच तारखेला, निघाले आणि 6 जानेवारी 2024 रोजी आपल्या जागी पोचले. उद्रेक सूर्यावरून निघताना पाहायला आदित्य, जमिनीवर पोचल्यावर मोजायला अलिबाग. मधला प्रश्न, वलय किती खाली उतरले, त्याच्यासाठी उत्तर भारतात पाहणारे डोळे अजून फार थोडे आहेत.

सूर्यडागांच्या चालू चक्राचा कमाल काळ सुरू असल्याचे ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर झाले. कमाल उतरू लागली म्हणून वादळे थांबत नाहीत: 1872 चे वादळ त्या चक्राचा शिखरकाळ ओलांडल्यावर आले, 2003 चेही तसेच. त्यामुळे लडाखच्या पुढच्या दोन-तीन मोसमांत लाल उजेड दिसण्याची शक्यता शिल्लक आहे. आणि ज्याला पुण्यातच बसून हातभार लावायचा आहे, त्याच्यासाठी काम तयार आहे. 1872 मध्ये पुण्यात ज्ञानप्रकाश निघत होता, मुंबईत इंदुप्रकाश आणि ज्ञानोदय निघत होते. त्यांचे 5 फेब्रुवारीनंतरचे अंक, त्या आठवड्यातल्या रोजनिश्या, संस्थानी दफ्तरांतली पत्रे कोणीतरी ओळ न् ओळ वाचायला हवीत. 1944 पासून पुण्यात काम करणाऱ्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या हौशी खगोलप्रेमींच्या मंडळांना, इतिहासाच्या विद्यार्थ्यांना आणि मोडी वाचता येणाऱ्या निवृत्तांना एकत्र बसून करता येण्यासारखे हे काम आहे. उत्तरेकडे रात्री तांबडे फाकले, एवढा उल्लेख सापडला तरी पुरे. त्याच्यासोबत गावाचे नाव आणि रात्रीचा प्रहर मात्र टिपून घ्यावा.